सोलापूरच्या छातीवर मुकुट कशाला? संघांची बोधचिन्हे आणि इतिहासाशी होणारी प्रतारणा

१/
नवी पेठेतील कपड्यांच्या दुकानांबाहेर टांगलेल्या जर्सींकडे कधीतरी इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहावे. सिंह, मुकुट, ढाल, तलवार, गरुड. संघ बदलला, शहर बदलले, तरी चित्रे तीच. गेल्या वीस वर्षांत महाराष्ट्रातील व्यावसायिक हॉकी आणि क्रिकेट संघांनी जी नावे धारण केली, त्यांतील बहुतेकांचा त्यांच्या शहराशी काडीचाही संबंध नाही, आणि काही तर सरळ खोटी आहेत. हा या धाग्याचा दावा आहे. दावा कठोर आहे, म्हणून पुरावे सविस्तर.

२/
पहिला आक्षेप ठरलेला असतो: "खेळच तो, एका चित्राचे एवढे काय?" हा प्रश्न निदान सोलापुरात तरी विचारू नये. ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेवर तिरंगा फडकला. मे महिन्यात काही दिवस शहरातून इंग्रजी अंमल जवळपास उठला आणि त्यानंतर लष्करी कायदा पुकारला गेला. त्या काळात झेंडा मिरवणे हाच गुन्हा ठरला होता.

३/
१२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्या चौघांचे पुतळे नवी पेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. रंगीत कापडाच्या एका तुकड्याचा अर्थ काय असतो, हे या शहराला दुसऱ्याने शिकवण्याची गरज नाही.

४/
हॉकीच्या इतिहासातही हाच धडा आहे. १५ ऑगस्ट १९३६, बर्लिन ऑलिंपिकचा अंतिम सामना. सराव सामन्यात जर्मनीकडून १-४ असा पराभव झाल्याने ध्यानचंद यांचा संघ चिंतेत होता. तेव्हा पथकाबरोबरचे अधिकारी पंकज गुप्ता यांनी खेळाडूंच्या खोलीत काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला. खेळाडूंनी त्याला वंदन केले, मैदानात उतरले आणि सामना ८-१ असा जिंकला. तो ध्वज त्यांच्या अधिकृत गणवेशावर नव्हता, असणे शक्यही नव्हते. तरीही त्यांनी आपला मानला तो तोच. चिन्ह लादता येते. आपलेपण लादता येत नाही.

५/
आता महाराष्ट्राच्या हॉकी संघांची नावे क्रमाने पाहू. २००५ साली सुरू झालेल्या प्रीमियर हॉकी लीगमध्ये 'मराठा वॉरियर्स'. २०१२ च्या वर्ल्ड सीरिज हॉकीत 'मुंबई मरीन्स' आणि 'पुणे स्ट्रायकर्स'. २०१३ च्या हॉकी इंडिया लीगमध्ये 'मुंबई मॅजिशियन्स', त्यांच्या जागी २०१५ मध्ये 'दबंग मुंबई'. दहा वर्षांत पाच नावे. त्यांत शहराने आपणहून उच्चारावे असे एकही नाही.

६/
या संघांना यश मिळालेच नाही, असेही नाही. पुणे स्ट्रायकर्स २०१२ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. दबंग मुंबई २०१७ मध्ये अंतिम सामना खेळले. पण २०२४ च्या अखेरीस हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाली, तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. ती पाचही नावे मागे काही न ठेवता विरून गेली. आर्थिक कारणे होतीच. पण जे नाव कोणाच्याही मनात घर करत नाही, ते पुसले गेले तरी कोणाला खटकत नाही.

७/
'मराठा वॉरियर्स' हे नाव विशेष तपासण्यासारखे आहे. या संघातून धनराज पिल्ले खेळले. त्यांची हॉकी खडकीतील. दारूगोळा कारखान्याच्या कामगार वस्तीत, मोडक्या काठ्यांनी शिकलेली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात मुंबईचे लिओ पिंटो आणि वॉल्टर डिसूझा होते. महाराष्ट्राच्या हॉकीचा खरा इतिहास लष्करी छावण्या, कारखान्यांच्या वसाहती, रेल्वेचे संघ आणि मुंबईच्या गोवेकर व ख्रिस्ती वस्त्यांतून गेला आहे.

८/
तमिळ भाषक घरातला खडकीचा मुलगा आणि गोवेकर गोलरक्षक ही या खेळाची मानाची परंपरा. ती सगळी पुसून वर तलवारबहाद्दराचे एक ढोबळ नाव चिकटवले गेले. त्याने ना मराठेशाहीचा सन्मान झाला, ना हॉकीचा. सतराव्या शतकातील घोडदळ आणि काठी-चेंडूचा खेळ यांचा दुवा काय, हे विचारण्याची तसदीही कोणी घेतली नाही.

९/
येथे अदलाबदलीची कसोटी लावून पाहावी. संघाच्या नावातून शहर काढा आणि उरलेला शब्द दुसऱ्या शहराला जोडा. पुणे वॉरियर्स, बंगाल वॉरियर्स, यूपी वॉरियर्झ, कॅलिफोर्नियातील गोल्डन स्टेट वॉरियर्स. कुठेही चालते. कुठेही चालणारा शब्द कुठलाच नसतो. महाराष्ट्र प्रीमियर लीगने रत्नागिरीला दिलेले 'जेट्स' पाहा. ज्या किनाऱ्याच्या इतिहासात मचवे आणि गलबते आहेत, त्याला विमान!

१०/
आता चित्रांकडे. टोकदार कंगोऱ्यांचा मुकुट आणि खाली निमुळती होत जाणारी ढाल ही युरोपीय सरदारकीच्या चिन्हांची भाषा आहे. मराठी राज्यकर्त्यांच्या डोक्यावर जिरेटोप, मंदील, पगडी दिसते. मराठ्यांची ढाल गोल असते. ज्यांना 'राजेशाही वारसा' दाखवायचा असतो, ते इंग्रजी शाळेच्या बिल्ल्यावरचे चित्र उचलतात आणि त्यालाच आपली परंपरा म्हणतात. राजेपणा दाखवायचाच, तर निदान तो आपला असावा.

११/
याउलट शिवराई पाहावी. तांब्याचे साधे नाणे. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. सिंह नाही, मुकुट नाही, तलवार नाही. स्वतःचा अधिकार सांगण्यासाठी त्या राजाला अक्षरे पुरेशी वाटली. ठसा उमटवणाऱ्या कारागिराला थोड्या जागेत काय ठेवावे आणि काय वगळावे, हे कळत होते. आजच्या बोधचिन्हकारांना संगणकाची सारी साधने हाताशी असून ते कळत नाही.

१२/
आणि आता सोलापूर. जून २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या पहिल्या हंगामात या शहराच्या संघाचे नाव होते 'सोलापूर रॉयल्स'. रॉयल! कोणत्या अर्थाने? सोलापूरचा भुईकोट बहमनी काळापासून सीमेवरचा किल्ला. १५२४ मध्ये आदिलशाही राजकन्या निजामशाहीत दिली, तेव्हा सोलापूर हुंड्यात कबूल केले गेले. ते मिळाले नाही म्हणून दोन शाह्या वर्षानुवर्षे लढल्या. पुढे चांदबिबीचा विवाह झाला, तेव्हाही सोलापूर पुन्हा हुंड्यातच. हे शहर सौद्यात होते, सिंहासनावर कधीच नव्हते.

१३/
"शेजारी अक्कलकोट संस्थान होते ना?" होते, आणि त्याचा इतिहास स्वतंत्र आहे. अक्कलकोटचा मुकुट सोलापूरने उसना घेण्याचे कारण नाही. पेशवाईच्या अखेरीस, मे १८१८ मध्ये, इंग्रजांनी सोलापूरचा किल्ला घेतला. त्यानंतर शहर घडले ते राजवाड्याभोवती नव्हे. ते पेठा, रेल्वे आणि गिरण्या यांच्याभोवती घडले.

१४/
'रॉयल्स' हे नाव सोलापूरला किती सैल बसले होते, याचा पुरावा स्पर्धेनेच दिला. पुढील हंगामांत त्याच स्पर्धेच्या यादीत 'रायगड रॉयल्स' हे नाव दिसू लागले. रायगड ही निदान राजधानी होती, तेथे शब्दाला काही आधार तरी आहे. पण सोलापूरकरांनी यातून बोध घ्यावा. जे नाव एका शहरावरून निघून दुसऱ्यावर सहज बसते, ते पहिल्याचे कधी नव्हतेच.

१५/
ज्या महिन्यात हा राजेशाही संघ मैदानात उतरला, त्याच महिन्यात सोलापूर एका चिमणीवरून दुभंगले होते. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानतळाच्या आड येते म्हणून पाडण्यात आली. चिमणी राहावी की जावी, यावर मते दोन असू शकतात. पण शहर कशासाठी रस्त्यावर येते, कशावर रात्र रात्र वाद घालते, हे त्या दिवसांत स्पष्ट दिसले. कारखाना, रोजगार, धूर, प्रगती. मुकुटासाठी येथे कोणी घसा कोरडा करत नाही.

१६/
सोलापूरची खरी चित्रभाषा मागावर आहे. १८७० च्या दशकात मुरारजी गोकुळदासांच्या पुढाकाराने 'जुनी गिरणी' उभी राहिली. मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग आणला आणि पुढे यंत्रमाग चालवला. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील आरंभीच्या मानांकनांपैकी एक होते.

१७/
चादरीवरची नक्षी कशी उतरते, हे समजून घेतले तर बोधचिन्हाबद्दलही पुष्कळ समजते. जॅकार्ड यंत्रात भोके पाडलेले पुठ्ठे साखळीने फिरतात. भोक असेल तेथे ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तेथे तो खालीच राहतो. मोर असो, फूल असो, भौमितिक पट्टा असो, सगळे चित्र आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून मांडावे लागते. उंच की खाली, एवढेच उत्तर यंत्राला कळते. म्हणून रेषा स्वच्छ येते, रंग मोजके राहतात आणि अनावश्यक ते आपोआप गळते.

१८/
आजची जर्सी याच्या अगदी उलट तयार होते. कागदावर छापलेली शाई उष्णतेने वायुरूप होऊन पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. वीस रंग घ्या किंवा दोनशे, खर्चात फारसा फरक पडत नाही. म्हणून छातीवर सिंह, बाहीवर ज्वाळा, पाठीवर विजा, मध्ये आठ जाहिराती. तंत्राने मुभा दिली म्हणजे बुद्धीला सुट्टी मिळाली, असा अर्थ होत नाही. सीमारेषेपलीकडच्या प्रेक्षकाला त्या गर्दीत काय दिसते? रंगीत चिखल.

१९/
बाहेरच्या जगात काय झाले, तेही पाहावे. अमेरिकेतील डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. तेथील बर्फावरच्या हॉकीच्या संघाने १९३२ मध्ये पंख फुटलेले मोटारीचे चाक चिन्ह म्हणून घेतले. रंग दोन, लाल आणि पांढरा. नव्वद वर्षांहून अधिक काळ ते टिकले. पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर. तेथील 'स्टीलर्स' संघाने १९६२ मध्ये पोलाद उद्योगाचेच चिन्ह शिरस्त्राणावर लावले. कामगाराच्या कामाचे चिन्ह छातीवर वा डोक्यावर घेतल्याने त्या संघांचा दरारा कमी झाला नाही.

२०/
क्लीव्हलँडचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथील बेसबॉल संघ शतकभर 'इंडियन्स' म्हणवत होता आणि मूलनिवासींचे विडंबन चिन्ह म्हणून मिरवत होता. दीर्घ विरोधानंतर २०२२ च्या हंगामापासून नाव 'गार्डियन्स' झाले. ते आले शहरातल्याच एका पुलावरून, १९३२ च्या त्या पुलावर उभ्या असलेल्या भव्य शिल्पांवरून. जुने, खोटे नाव टाकले आणि रोज ज्याखालून माणसे जातात ते उचलले. उत्तर शहरातच होते.

२१/
हे फक्त परदेशात घडते असे मानू नये. मोहन बागानच्या चिन्हावर शिडाची होडी आहे, ईस्ट बंगालच्या चिन्हावर मशाल. त्या दोन चिन्हांखाली कोलकात्यात पिढ्या वाढल्या. हॉकीतही 'ओरिसा स्टीलर्स' होते, राउरकेल्याच्या पोलादाची आठवण देणारे, आणि २००७ मध्ये ते प्रीमियर हॉकी लीगचे विजेते ठरले. कबड्डीत 'पुणेरी पलटण' हे नाव मराठी माणूस सहज उच्चारतो. २०२४ मध्ये तो संघही विजेता झाला. गावाच्या बोलीत ठेवलेल्या नावाने कोणी हरत नाही.

२२/
आता विरोधी बाजूचे तीन मुद्दे. पहिला: "शौर्य ही महाराष्ट्राची ओळख, तिला नाकारता कशाला?" नाकारत कोणी नाही. आक्षेप आहे तो शौर्याच्या स्वस्त छपाईवर. मावळ्याचे युद्ध गडकोट, घोडी, पावसाळा आणि रसद यांच्या हिशोबावर चाललेले असते. ते सारे गाळून नुसत्या मिशा आणि तलवार उरवली, की कालांतराने तरुण पिढीला इतिहास म्हणजे तेवढेच वाटू लागते. ज्याला त्या इतिहासाबद्दल आदर आहे, त्यानेच या व्यंगचित्राला प्रथम विरोध करायला हवा.

२३/
दुसरा: "बाजारात हेच विकते." पुरावा उलटा आहे. वर मोजलेली पाच हॉकी नावे बाजाराच्या हिशोबानेच ठेवली गेली होती. ती बाजारातून उठली. बाजाराला रस असतो तो पुढच्या हंगामात. चाहत्याला संघ लागतो तो जन्मभरासाठी, आणि बापाची जर्सी मुलाने घालावी असे वाटायला त्या जर्सीवर घरातले काहीतरी असावे लागते. 'रॉयल चॅलेंजर्स' या नावाचे मूळ राजघराण्यात नसून मद्याच्या एका ब्रँडमध्ये आहे, हे एकदा कळले की 'राजेशाही' शब्दाचे बाजारमूल्यही कळते.

२४/
तिसरा मुद्दा अधिक गंभीर आहे: "सोलापूरची ओळख म्हणजे सिद्धेश्वर, मग गड्ड्याच्या यात्रेतील नंदीध्वजच का घेऊ नये?" संक्रांतीला सात उंच नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतील मानकरी ते तोलून धरतात. दृश्य म्हणून त्याला तोड नाही. पण ते श्रद्धेचे आहे आणि त्याचे मानपान ठरलेले आहेत. शनिवारी हरल्यावर रविवारी जे थट्टेचा विषय होणार, त्या जर्सीवर ते नेऊ नये. श्रद्धेचा आदर तिला जाहिरातींच्या गर्दीत उभे न करण्यात असतो.

२५/
शिवाय या शहराची माणसे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलतात. १९३१ च्या चार हुतात्म्यांची नावे पुन्हा वाचावीत. एकाच शहरातली, चार वेगवेगळ्या समाजांची. चिन्ह असे हवे की ज्यावर या प्रत्येक घराला हक्क सांगता येईल. श्रमाचे चिन्ह ते करू शकते. गिरणीचा भोंगा सर्वांसाठी एकाच वेळी वाजत असे.

२६/
मग चिन्ह कोणते? एक प्रस्ताव: धोटा. मागाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बाणा घेऊन धावणारा, दोन्ही बाजूंनी टोकदार. आकृती अशी की पोराने खडूने भिंतीवर काढावी. वेग त्याच्या स्वभावातच आहे, त्यासाठी मागे ज्वाळा रंगवाव्या लागत नाहीत. हॉकीतील पास असो वा क्रिकेटमधील धाव, दोहोंत तीच ये-जा आहे. जर्सीच्या काठाला चादरीच्या भौमितिक पट्ट्याची किनार आणि रंग फक्त दोन. बस्स.

२७/
यातील विसंगती सर्वांत जास्त बोचते ती इथे: सोलापूर हे देशातील गणवेश शिवणारे नावाजलेले शहर आहे. येथील शिलाईयंत्रांवर कुठकुठल्या शाळांचे गणवेश तयार होतात. दुसऱ्यांच्या मुलांना त्यांच्या शाळेचा बिल्ला अचूक जागी लावून देणाऱ्या शहराने स्वतःच्या छातीवर मात्र उसना मुकुट लावावा? ज्याच्या हातात कापड, सुई आणि नक्षी तिन्ही आहेत, त्याने चित्र दुसऱ्याकडून का मागावे?

२८/
म्हणून पुढच्या वेळी कोणत्याही संघाचे नवे चिन्ह जाहीर झाले, की टाळी वाजवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. शहराचे नाव झाकले तरी शहर ओळखू येते का? पाच वर्षांच्या मुलाला ते आठवणीने काढता येते का? त्या शहरातला कामगार, विणकर, दुकानदार त्याकडे बोट दाखवून "हे आमचं" म्हणेल का? तिन्हींचे उत्तर 'नाही' असेल, तर ते चिन्ह कितीही चकचकीत असो, नापास.

२९/
हे प्रश्न संघमालकांना आणि संघटनांना विचारण्याचा अधिकार तिकीट काढणाऱ्या, जर्सी विकत घेणाऱ्या प्रत्येकाला आहे. इतिहासाची आवड असणाऱ्यांवर तर ती जबाबदारीच आहे. चुकीचा सनावळी तक्ता कोणी छापला तर हेच वाचक तुटून पडतात. हजारो छातींवर छापलेला खोटा मुकुटही तितक्याच कठोरपणे तपासला गेला पाहिजे. सोलापूरचा पुढचा संघ कोणत्याही खेळाचा असो. नाव ठरवण्याआधी त्यांनी एक दिवस मागावर घालवावा, एवढी मागणी अवास्तव नाही.